हनुवटीवरचे फोड आणि भिंतीवरचं कॅलेंडर

सोलापुरात अशोक चौकाच्या अलीकडे माझं मेडिकल आहे, सोळा वर्षं झाली. संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला गारमेंटमधल्या शिलाईच्या बायका सुटतात आणि पुढच्या तासाभरात काउंटरवर एक वाक्य हमखास ऐकू येतं: "मॅडम, पिंपलची चांगली ट्यूब द्या की." चेहरा स्कार्फात गुंडाळलेला. मी म्हणते, आधी दाखव तरी. मागे कुणी पुरुषमाणूस उभा नाही ना हे बघून ती स्कार्फ खालच्या बाजूने जरासा वर सरकवते. कपाळ-नाक दाखवायचं असतं तर तो खाली ओढावा लागला असता. वर सरकवला की मला निम्मं कळतं. फोड हनुवटीवर, जबड्याच्या कडेला, कानाखालून मानेकडे उतरणाऱ्या पट्ट्यात असतात.

ही जागा मला पाठ आहे. कॉलेजात माझा चेहरा नितळ होता. सत्ताविसाव्या वर्षी, लग्नाला दोन वर्षं झाल्यावर, दर महिन्याला तीन-चार गाठी यायला लागल्या. तोंड नसलेल्या, कातडीखाली खोल, बोट लागलं तरी ठणकणाऱ्या. त्या बाजूला फोन लावता यायचा नाही. घरात प्रत्येकीने आपापलं निदान केलं. सासूबाई म्हणाल्या, उष्णता झालीय, शेंगाचटणी बंद कर. आई म्हणाली, पोट साफ होत नसेल. नणंद म्हणाली, वहिनी, उशीचा अभ्रा बदला. मी तिघींचं ऐकलं. आठ महिने शेंगाचटणीशिवाय कडक भाकरी खाल्ली. गाठी महिन्याच्या महिन्याला येतच राहिल्या. आणि "महिन्याच्या महिन्याला" हाच सुगावा होता. तो स्वयंपाकघराच्या भिंतीवर रोज माझ्यासमोर टांगलेला होता.

आधी कॅलेंडर, मग ट्यूब

कालनिर्णयच्या ज्या चौकटीत आपण दुधाचा हिशोब लिहितो, त्याच चौकटीत हे करा. पाळीचा पहिला दिवस गोल करा. नवीन दुखरी गाठ जाणवली की त्या तारखेला पेनाने एक ठिपका. दोन आल्या तर दोन ठिपके. जुन्या गाठी पुन्हा मोजायच्या नाहीत, नवीन तेवढ्याच. हे तीन महिने करा. आरशात रोज बघून मन उगाच खट्टू होतं, म्हणून फोटो महिन्यातून एकदाच काढा, सकाळी, खिडकीच्या उजेडात, दर वेळी त्याच जागी बसून.

तीन महिन्यांनी पान बघा. गोलाच्या आधीच्या सात ते दहा दिवसांत ठिपक्यांची गर्दी आणि पाळी सुरू झाली की विरळ, असं दिसलं तर हॉर्मोनचा हात आहे असं समजायला हरकत नाही. वय पंचवीसच्या पुढे असेल, फोड चेहऱ्याच्या खालच्या भागात असतील, ब्लॅकहेड्स कमी आणि खोल गाठी जास्त असतील, तर संशय आणखी पक्का. कपाळावर किंवा गालांवर आले म्हणजे हॉर्मोनचे नाहीतच असं मात्र नाही. आणि पाळीच बेभरवशाची असेल तर ठिपके कुठेही पडतील. मग ते गोलच जास्त बोलतात. त्याकडे मी पुढे येते.

आतमध्ये काय होतं ते थोडक्यात सांगते, कारण ते समजलं की चेहरा दिवसातून पाच वेळा धुण्यात अर्थ का नाही तेही समजतं. अँड्रोजन हे पुरुषी हॉर्मोन मानलं जातं, पण ते प्रत्येक बाईच्या शरीरात थोडं तयार होतंच, अंडाशयात आणि मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत. चेहऱ्याच्या तेलग्रंथी त्याचं ऐकतात. ते वाढलं, किंवा ग्रंथी त्याला जास्त हळव्या असल्या, की तेल वाढतं, रोमरंध्राच्या तोंडाशी मृत पेशींचा चिकट बूच बसतो, आत अडकलेल्या तेलात जिवाणू वाढतात आणि सूज येते. पाळीच्या आधीच्या दिवसांत इस्ट्रोजेन उतरतं, म्हणून अँड्रोजनचा जोर तुलनेने चढतो. हे सगळं कातडीच्या आत घडतं. साबणाचा हात तिथवर पोचत नाही.

हनुवटीवरचं सगळंच हॉर्मोनचं नसतं हेही बघा. आमच्याकडे मे महिन्यात पारा त्रेचाळीसपर्यंत जातो, आणि पोरी दुपारी एकला स्कूटीवर, स्कार्फ जबड्याभोवती घट्ट आवळून. घाम आणि घासणं मिळून त्या पट्ट्यावर बारीक पुटकुळ्या येतात. स्कार्फ रोज धुतला, सुती वापरला, पोचल्या पोचल्या सोडला की त्या उतरतात. कपाळावर केसांच्या कडेने एकसारखे बारीक दाणे असतील तर आधी डोक्याच्या तेलाकडे बघा. तेच दाणे खाजत असतील तर बुरशीचे असू शकतात, त्यांना पिंपलची ट्यूब लागू पडत नाही. नुकतीच बी-१२ची इंजेक्शनं, टीबीची औषधं, फिटच्या गोळ्या किंवा स्टेरॉइड सुरू झालं असेल आणि पाठोपाठ फोड आले असतील, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. तीन महिन्यांच्या गर्भनिरोधक इंजेक्शनानेही काही जणींना फोड येतात. पण यातलं कुठलंही औषध मनाने बंद करायचं नाही.

गोलांमधलं अंतर

पाळीचे गोल पस्तीस दिवसांपेक्षा लांब पडत असतील, किंवा वर्षभरात आठपेक्षा कमी असतील, तर फोडांची काळजी नंतर. आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. ज्याला आपण सगळे पीसीओडी म्हणतो तो अंडाशय आणि हॉर्मोनचा विकार आहे का हे बघावं लागेल. सोबत आणखी काही खुणा शोधा: हनुवटीवर, ओठावर, बेंबीखाली जाड काळे केस, भांगाजवळ विरळ होत चाललेलं डोकं, पोटाभोवती वाढलेलं वजन.

आणि मान. मागच्या हिवाळ्यात गड्ड्याच्या यात्रेच्या आधी एक आई मुलीला घेऊन आली. मुलगी वीस-एकवीसची. "मानेचा मळ निघायची क्रीम द्या, किती घासलं तरी निघंना." मी मुलीचे केस बाजूला केले. मानेच्या वळ्यांत काळपट, मखमलीसारखी जाडसर पट्टी होती आणि तिच्यावर दगडाने घासून सोललेले लाल ओरखडे. तो मळ नव्हता. शरीरात इन्सुलिन जास्त झालं की मानेवर, काखेत कातडी अशी जाड आणि काळी होते. तेच जास्तीचं इन्सुलिन अंडाशयाला अँड्रोजन बनवायला लावतं, आणि टेस्टोस्टेरॉनला, म्हणजे मुख्य अँड्रोजनला, बांधून ठेवणारं प्रथिन यकृतात कमी बनवायला लावतं. म्हणजे मानेवरची काळी पट्टी, चुकलेली पाळी आणि हनुवटीवरचे फोड ही तिन्ही एकाच घरातली भावंडं. त्या मुलीचा स्कार्फही मी सोडायला लावला. खाली तिसरं भावंड होतंच.

पीसीओडीचं निदान नुसत्या सोनोग्राफीवर होत नाही, हे मी प्रत्येक आईला सांगते. २००३ मध्ये रॉटरडॅमला ठरलेल्या निकषांनुसार मोठ्या बाईत तीनपैकी दोन गोष्टी लागतात: अनियमित पाळी, अँड्रोजन वाढल्याच्या खुणा किंवा तसा रक्ताचा रिपोर्ट, आणि सोनोग्राफीत अनेक बारीक पुटकांचं अंडाशय. पाळी सुरू होऊन आठ वर्षं झालेली नसतील अशा मुलीत तर सोनोग्राफीवर भिस्त ठेवायचीच नाही, कारण त्या वयात तसं अंडाशय निरोगी मुलींचंही दिसतं. चौदा वर्षांच्या पोरीच्या हातात "पीसीओडी आहे" असा कागद येतो आणि घरात लग्नाची चिंता सुरू होते, ते मला बघवत नाही.

रक्ताच्या तपासण्या डॉक्टर सांगतील त्याच करा. साधारणपणे टेस्टोस्टेरॉन, एसएचबीजी (तेच बांधून ठेवणारं प्रथिन), डीएचईए-एस, सतरा-हायड्रॉक्सी प्रोजेस्टेरॉन, प्रोलॅक्टिन, थायरॉइड आणि साखर यांतून ते निवडतात. हॉर्मोनच्या तपासण्या बहुधा पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवशी सकाळी करतात, म्हणून लॅबमध्ये जायच्या आधी तारीख विचारून घ्या. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर अँड्रोजनचे आकडे खरे येत नाहीत. तेही आधी सांगा. पाळी नियमित असलेल्या बऱ्याच जणींचे सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात. माझेही आले होते. त्याचा अर्थ फोड हॉर्मोनचे नाहीत असा होत नाही. रक्तात अँड्रोजन ठीक आहे, कातडीच्या ग्रंथी हळव्या आहेत, इतकाच होतो. उपचार तेच.

एकच प्रकार घाईचा आहे. काही महिन्यांतच आवाज घोगरा झाला, अंगावर भराभर जाड केस आले, पाळी बंद पडली, तर कॅलेंडर-बिलेंडर काही नाही, त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. अँड्रोजन बनवणारी गाठ नाही ना हे बघावं लागतं.

बिननावाची डबी

यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण मी भोगलंय.

एका पार्लरमधून मी पांढऱ्या क्रीमची छोटी डबी आणली होती. वर नुसतं फूल छापलेलं. घटक नाहीत, कंपनी नाही, मुदतीची तारीख नाही. दहा दिवसांत गाठी बसल्या, चेहरा उजळला, शेजारणी विचारायला लागल्या. चार महिने लावली. नंतर एक दिवस डबी संपली आणि नवीन मिळायला आठवडा लागला. त्या आठवड्यात चेहरा टोमॅटोसारखा लाल झाला, चुलीसमोर बसल्यासारखी आग, आणि गालांवरसुद्धा पुरळ, जिथे आधी काहीच नव्हतं. औषधशास्त्र शिकलेल्या बाईने डबीवर घटक का नाहीत हे विचारलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

अशा डब्यांमध्ये बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं. काही नामांकित दिसणाऱ्या ट्यूबमध्येही असतं, इसब-खाजेसाठी, आणि त्या गोरं होण्यासाठी हातोहात फिरतात. स्टेरॉइड सूज दाबतं, म्हणून पहिले पंधरा दिवस जादू वाटते. पुढे कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, लव वाढते, आणि थांबवलं की सगळं दुपटीने उसळतं. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी स्टेरॉइड क्रीम्स शेड्यूल एच मध्ये आणली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. घरात असलेल्या ट्यूबचा मोबाइलवर फोटो काढा, मोठा करा आणि बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यातलं काही दिसतंय का बघा. दिसलं आणि ती ट्यूब महिनोन्‌महिने लावत असाल, तर एकाएकी फेकून देऊ नका. ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. ते हळूहळू सोडवतात. माझं सुटायला पाच महिने लागले.

डॉक्टर बघताना पदवी बघा: एम.डी. त्वचारोग किंवा डी.डी.व्ही.एल. किंवा डी.व्ही.डी. आपल्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये त्वचेचीही ओपीडी आहे आणि स्त्रीरोगाचीही. केसपेपर काढायचा, रांगेत बसायचं. खासगी फी परवडत नाही म्हणून चेहरा पार्लरच्या हवाली करायची गरज नाही.

लावायची औषधं, नीट लावायची पद्धत

सौम्य त्रासात डॉक्टर बहुधा रात्री अ‍ॅडापॅलीन ०.१ टक्के जेल आणि सकाळी बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के देतात. औषध बरोबर असतं आणि लावणं चुकतं. निम्म्या जणी तीन आठवड्यांत परत येतात, "मॅडम, ह्याने जास्तच झालं की ओ."

अ‍ॅडापॅलीन असं लावा. साध्या फेसवॉशने चेहरा धुवा, टिपून घ्या, पंधरा-वीस मिनिटं थांबा. ओल्या चेहऱ्यावर ते जास्त झोंबतं. हरभऱ्याच्या दाण्याएवढं जेल बोटावर घ्या. पूर्ण चेहऱ्याला तेवढं पुरतं. कपाळ, दोन्ही गाल, हनुवटी असे टिपके ठेवून पातळ पसरवा. नुसत्या फोडावर लावू नका. ते आज दिसणाऱ्या फोडासाठी नाहीच, पुढच्या महिन्यात येऊ घातलेला बूच बसू नये म्हणून आहे. डोळ्यांभोवती, नाकपुडीच्या खाचेत, ओठांच्या कोपऱ्यांत लावायचं नाही. पहिले दोन-तीन आठवडे एक रात्र आड. कातडी सुटली, ओढली, तर आधी मॉइश्चरायझर, वर जेल, वर पुन्हा मॉइश्चरायझर. पहिल्या महिन्यात फोड थोडे वाढूही शकतात. घाबरून सोडू नका. खरा फरक बाराव्या आठवड्याच्या आसपास दिसतो. म्हणूनच त्या महिन्यातून एकदाच काढलेल्या फोटोचा आग्रह धरते.

बेंझॉइल पेरॉक्साइड कापडाचा रंग खातं, हे कुणीच सांगत नाही. माझे वडील पूर्व भागात टॉवेलच्या मागावर होते. त्यांनी विणलेला मरून रंगाचा, कडेला मोराची नक्षी असलेला टॉवेल मी सासरी आणला होता. एका महिन्यात त्याच्यावर बोटांच्या आकाराचे पिवळट-नारिंगी पट्टे उमटले. किती धुतला, रंग उडाला तो उडालाच. सोलापुरी टॉवेल-चादरींच्या घरात राहता, तर चेहऱ्यासाठी एक पांढरा टॉवेल बाजूला काढा आणि उशीला पांढरा अभ्रा घाला.

सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा जास्त, सकाळी आणि बाहेर राहायचं असेल तर दुपारी परत. आपल्या रंगाच्या कातडीवर फोड गेल्यावर काळा डाग महिनोन्‌महिने राहतो आणि ऊन तो आणखी गडद करतं. डागांसाठी आणि सौम्य फोडांसाठी अ‍ॅझेलाइक अ‍ॅसिड चांगलं. गरोदरपणातही ते चालतं. अ‍ॅडापॅलीन, त्याच जातीचं ट्रेटिनॉइन मात्र गरोदर असताना किंवा तसा विचार असताना लावायचं नाही. आणि ही जेल चालू असताना ओठाचं-हनुवटीचं वॅक्सिंग करू नका, पट्टीबरोबर कातडीच सोलून निघते. पार्लरवालीला आधीच सांगा.

धुणं दिवसातून दोनदा बस. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात हे सांगायला मला बरंही वाटतं. लिंबू, टूथपेस्ट, खाण्याचा सोडा चेहऱ्याला लावू नका. त्यांनी भाजलेले चेहरे मी पाहिलेत. बेसन-हळद लावायचीच असेल तर लावा, पण घासू नका.

क्लिंडामायसिन या अँटिबायोटिकची ट्यूब एकटी लावत राहिलं की जिवाणू तिला सरावतात. ती बेंझॉइल पेरॉक्साइडच्या जोडीनेच. तसंच "ती तीन गोळ्यांची पट्टी द्या" म्हणून अँटिबायोटिक मागायला येऊ नका. डॉक्टर डॉक्सीसायक्लिन देतात ते ठरावीक मुदतीसाठी, फार तर तीन-चार महिने. ती गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला चटका बसतो.

मला बीपी नाही, मग ही गोळी का?

ट्यूबने भागलं नाही, गाठी खोलच राहिल्या, तर हॉर्मोनवर काम करणाऱ्या गोळ्या येतात. इथेच बायका सगळ्यात जास्त दचकतात.

स्पायरोनोलॅक्टोन ही मुळात अंगातलं जास्तीचं पाणी काढायची, बीपी-हृदयाच्या रुग्णांना दिली जाणारी गोळी. पण ती तेलग्रंथीवर अँड्रोजनला बसू देत नाही. बायका गोळीचं नाव मोबाइलवर शोधतात आणि पाकीट परत घेऊन येतात: "मला बीपी नाही, डॉक्टर चुकले वाटतं." चुकले नाहीत. इंग्लंड-वेल्समध्ये ४१० बायकांवर या गोळीची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा आठवडे रोज ५० मिलिग्रॅम, मग १००, एकूण चोवीस आठवडे. औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपेक्षा बाराव्या आठवड्यात फरक होता आणि चोविसाव्यात तो जास्त ठळक होता. म्हणजे धीर धरायचा तो सहा महिन्यांचा. मी ही गोळी दोन वर्षं घेतली. तिसऱ्या महिन्यापर्यंत काही वाटलं नाही, पाचव्या महिन्याच्या पानावर एकच ठिपका होता.

ती चालू असताना गरोदर राहायचं नाही. पोटातल्या मुलग्याच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. पाळी मागेपुढे होते, छाती दुखते, लघवीला जास्त जावं लागतं, एकदम उठलं की चक्कर येते. मूत्रपिंडाचा त्रास असेल, टेल्मिसार्टन-एनालाप्रिलसारखी बीपीची गोळी चालू असेल किंवा रोज शहाळं प्यायची सवय असेल तर आधी सांगा, कारण पोटॅशियम वाढू शकतं.

दुसरी, संयुक्त गर्भनिरोधक गोळी. एका आईने माझ्या काउंटरवर पाकीट आपटलं होतं. "लग्न व्हायचंय पोरीचं आणि डॉक्टर पाळणा लांबवायची गोळी देतात?" मुलगी मागे मान खाली घालून उभी. मी त्यांना आत बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं: ही गोळी टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं प्रथिन वाढवते, अंडाशयातलं अँड्रोजन कमी करते, पाळी वेळेवर आणते. बंद केली की मूल राहण्याची क्षमता परत येते, वांझपण येत नाही. पोरीच्या चारित्र्याशी तिचा काडीचा संबंध नाही. त्या बाई पाकीट घेऊन गेल्या. पण ही गोळी स्वतःहून कधी घेऊ नका. अर्धशिशीच्या आधी डोळ्यांसमोर चमक येत असेल, रक्ताची गाठ झाल्याचा इतिहास असेल, बीपी जास्त असेल, पस्तिशीपुढे असून धूम्रपान असेल, तर ती धोक्याची. चालू असताना एका पोटरीत सूज-दुखणं, छातीत कळ, अचानक धाप लागली तर थेट दवाखान्यात.

संक्रांत, गौरी-गणपती आले की पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांची रांग लागते. ती गोळी नॉरइथिस्टेरॉनची, वरच्या गर्भनिरोधक गोळीपेक्षा वेगळी. तिने फोड बरे होत नाहीत, उलट काही जणींना येतात.

आयसोट्रेटिनॉइन हे खड्डे पडणाऱ्या, हट्टी फोडांसाठीचं जोरकस औषध. गर्भात गंभीर व्यंग येतं, म्हणून सुरू करण्याआधी एक महिना, चालू असताना आणि थांबवल्यावर एक महिना गर्भधारणा टाळायचीच. यकृत-चरबीच्या तपासण्या सांगतील त्या करा. मैत्रिणीच्या चिठ्ठीवर हे मागायला येणाऱ्यांना मी परत पाठवते, त्या रागावल्या तरी. पीसीओडीत साखर-इन्सुलिनचा भाग असेल तर मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळीही देतात.

शेंगाचटणी

तिचा दोष असल्याचा चांगला पुरावा नाही. तिखटाचाही नाही. पुरावा आहे तो साखर झटकन वाढवणाऱ्या खाण्याचा, आणि काही प्रमाणात दुधाचा. जिमला जाणाऱ्या मुलींनी व्हे प्रोटीनचा डबा एक-दोन महिने बंद करून ठिपके मोजावेत. कारखान्यात दिवसातून पाच वेळा दोन-दोन चमचे साखरेचा चहा होतो, तो दोनवर आणा, बिस्किटं सोडा. मालदांडीची भाकरी, डाळ, भाजी आणि चटणी निर्धास्त खा. पीसीओडी आणि जास्त वजन दोन्ही असेल तर वजनाच्या पाच-दहा टक्के घट झाली तरी पाळी सुधारते. सत्तर किलोच्या बाईला साडेतीन ते सात किलो. हे ऐकून बायकांचा चेहरा उजळतो, कारण त्यांना वाटत असतं वीस किलो कमी करायला सांगणार.

मुलगी बघायचा कार्यक्रम आठ दिवसांवर आला की मग माझ्याकडे येऊ नका. आठ दिवसांत चेहरा साफ करणारी एकच गोष्ट मला माहीत आहे आणि ती त्या बिननावाच्या डबीत असते. फारच मोठी, दुखरी गाठ असेल तर त्वचारोगतज्ज्ञ तिच्यात अगदी कमी मात्रेचं इंजेक्शन देऊन दोन-तीन दिवसांत बसवतात, तेवढं करता येतं. फोडू नका. हनुवटीवरचा एक खड्डा मी स्वतःच्या नखाने केलाय, तो बारा वर्षं तिथेच आहे.

डॉक्टरांकडे जाताना कॅलेंडरची तीन पानं, चेहऱ्याला आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब-डब्या एका पिशवीत आणि चालू असलेल्या सगळ्या औषधांची चिठ्ठी न्या. गरोदर राहायचा विचार आहे की नाही हे त्यांनी विचारायच्या आधी सांगा, निम्मे उपचार त्यावर ठरतात. फोड थांबले म्हणून अ‍ॅडापॅलीन थांबवायचं नाही. आठवड्यातून दोन-तीन रात्री चालू ठेवायचं. स्पायरोनोलॅक्टोनची गोळी मी डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी केली. सहा महिन्यांनी ठिपके परत आले, पण महिन्याला एखादा. आता एकोणचाळीस पूर्ण झाली. या महिन्याच्या पानावर गोल बारा तारखेला आहे, ठिपका सात तारखेला, आणि त्याच्या शेजारी अर्धा लिटर दूध.